घासलेला नंबर

स्वतःचं गॅरेज काढायचं तर जागा कुठूनतरी मिळते, गिऱ्हाईकही हळूहळू जमतं. माणूस अडतो तो हत्यारांपाशी. घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या दशरथ साटमचंही तसंच झालं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने दुसऱ्याच्या गॅरेजात, दुसऱ्याच्या पान्यांनी गाड्या उघडण्यात घालवली होती. आता आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत त्याला पत्र्याची शेड मिळाली होती. साल पंच्याऐंशी. रस्त्यावर नव्या मारुत्या दिसू लागल्या होत्या. पण घाटकोपरचा धंदा अजून फियाट टॅक्सी, रिक्षा आणि स्कूटर यांच्यावरच चालत होता, आणि या तिन्हींची खोड दशरथ नुसत्या आवाजावरून ओळखायचा. गॅरेज चालेल की नाही ही शंका त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती.

हत्यारं घ्यायला तो बायकोला, सुगंधाला, बरोबर घेऊन नागदेवीच्या हत्यारबाजारात गेला. माणिकशेठच्या दुकानात पान्यांच्या माळा तोरणासारख्या टांगलेल्या. शेठने फळीवर दोन पाने ठेवले. दोन्ही चकचकीत, दोन्ही एकाच मापाचे.

"सारखेच तर दिसतात," सुगंधा म्हणाली. "मग स्वस्तातला घ्या ना."

"हातात घेऊन बघ. हा जड लागतो ना? हा घडीव. आणि ह्याच्यावर नुसता मुलामा आहे, आत ओतीव लोखंड. जोर दिला की तोंड फाकतं, नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग पाना निसटून आपल्याच हाताची सालं निघतात."

एवढं बोलून दशरथ थांबला नाही. दुकानातल्या शिकंज्यात एक नट पकडून त्याने स्वस्तातला पाना त्यावर चढवला आणि एकच हिसका दिला. पान्याचं तोंड जांभई दिल्यासारखं उघडलं.

"साटम," माणिकशेठ हसून म्हणाला, "तुझ्यासारखी गिऱ्हाइकं रोज आली तर मी दुकान बंद करून देशात जाईन."

चांगले पाने, पक्कड, हातोडा, कानस अशी खरेदी झाली. पण दशरथचा डोळा काचेमागच्या एका हत्यारावर होता. तो होता टॉर्कचा पाना. इंजिनाच्या हेडचे नट ठरावीक जोरानेच आवळावे लागतात. कमी आवळले तर गळती, जास्त आवळले तर आटे जातात. बहुतेक मिस्त्री ते हाताच्या अंदाजाने करायचे आणि टॅक्सीवाले महिन्याभरात परत यायचे. हा पाना मात्र नेमका जोर दाखवायचा. दशरथला तो हवाच होता. किंमत ऐकून त्याने तो मुकाट्याने परत काचेमागे ठेवायला दिला.

दोन-चार दिवसांत रतन आला. रतन त्याच्या शेजारच्या चाळीतला, विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात मालाच्या ने-आणीवर होता. त्याने शेडमध्ये येऊन कॅनव्हासची पिशवी फळीवर उपडी केली. सॉकेटची पूर्ण पेटी, आणि तिच्यासोबत टॉर्कचा पाना. नागदेवीतल्यापेक्षाही सरस, परदेशी बनावटीचा.

दशरथने तो उचलला. तोललेलं वजन, मुठीत बसणारी पकड, काट्याची हलकी फिरत. हत्यार अस्सल होतं. दांड्यावर एका जागी मात्र कानस फिरवल्याच्या रेघा होत्या.

"इथे काय होतं रे?"

"नंबर होता कंपनीचा. घासला. तुला नंबर वापरायचाय की पाना?" रतन हसला. "अरे, कंपनीचा माल आहे यार. तिकडे असे पडून गंजतात. तुला देतो निम्म्याहून कमीत. दोस्ती म्हणून."

या 'कंपनीच्या माला'चं भटवाडीत कुणालाच नवल नव्हतं. घरोघरी पितळी नळ कंपनीचे, पुसायला सुताचा बोळा कंपनीचा. चाळीचा कठडा, पाण्याची टाकी आणि गल्लीतल्या देवळाचं दार या सगळ्यांना यंत्रांना लावतात तो हिरवट करडा रंग होता. देवालाही तो कुठून आला हे कुणी विचारलं नव्हतं. कंपनी म्हणजे कुणीच नाही, आणि कुणीच नाही त्याचं घेतलं तर चोरी कसली, असा एकूण हिशेब.

दशरथने पाना घेतला. सुगंधाने रात्री जेवताना विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ओळखीतून मिळाला." तिने भाकरी वाढली आणि पुढे विचारलं नाही, पण तिला कळलं, हे त्यालाही कळलं.

गॅरेज धडाक्यात सुरू झालं. दशरथने आवळलेलं हेड परत उघडावं लागत नाही, ही गोष्ट टॅक्सीवाल्यांत पसरली आणि मुलुंडपासून गाड्या येऊ लागल्या. पाना लावून काटा योग्य जागी थांबला की दशरथ गाडीवाल्याला बोलावून दाखवायचा. त्याला त्या हत्याराचा अभिमान वाटू लागला.

एके दिवशी दुपारी श्यामसुंदर पाठारे स्कूटर घेऊन आले. पाठारे त्याच विक्रोळीच्या कारखान्यात युनियनचं काम बघायचे. पन्नाशी उलटलेला, सावकाश बोलणारा माणूस. कामगार त्यांना पाठारेभाऊ म्हणत. क्लचची तार बदलून होईपर्यंत ते स्टुलावर बसले.

"आज सुट्टी काय भाऊ?" दशरथने विचारलं.

"सुट्टी कसली! चौकशीच्या कामाला हिंडतोय. आमच्या हत्यारखात्यातला काशीराम घाडी. तुमच्याच मालवणकडचा. त्याला कामावरून काढून घरी बसवलंय. खात्यातून माल गेला. कुलूप शाबूत, किल्ली त्याच्याकडे. म्हणजे त्यानेच विकला, असं साहेब म्हणतात."

"आणि त्याने नाही विकला?"

"काशीराम? तो माणूस घरी पेन्सिलसुद्धा नेत नाही. माल तपासायला दुसऱ्या खात्यात पाठवतात, पेटी बंद होऊन परत येते. मधल्या वाटेत कुणीतरी काढला. पण हे सिद्ध कसं करू? त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, तूर्त थांबू. चोराच्या घरातली मुलगी नको, एवढं तोंडावर म्हणाले नाहीत इतकंच."

बोलता बोलता पाठारेंची नजर फळीवर गेली. ते उठले आणि टॉर्कचा पाना त्यांनी हातात घेतला. कानशीच्या रेघांवरून त्यांनी अंगठा फिरवला. दशरथच्या हातातली क्लचची तार तशीच राहिली.

"नंबर का घासलाय रे ह्याचा?"

दशरथला खोटं सुचलं नाही. "मी चोरला नाही भाऊ. पैसे मोजून घेतलाय. आणि सगळेच घेतात. इथे एक घर दाखवा मला, ज्यात कंपनीचं काही नाही."

"खरंय. नाही दाखवता येणार."

"मग? एवढ्या मोठ्या कंपनीचं एका पान्याने काय जातंय?"

"कंपनीचं काही जात नाही, हेच तर सांगतोय," पाठारे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मालक उद्या दुसरा पाना मागवील. त्याला कळणारही नाही. पण हिशेब कुणाच्या तरी अंगावर टाकावाच लागतो. तो साहेबाच्या अंगावर पडत नाही दशरथ, किल्ली सांभाळणाऱ्याच्या अंगावर पडतो. तुम्हाला वाटतं तुम्ही मालकाकडून घेतलंत. तुम्ही घेतलंत काशीरामकडून."

दशरथने हातातली तार खाली ठेवली.

"आणि आणखी एक. चोराला कारखान्यातलं हत्यार घेऊन काय करायचंय? तो काय घरी हेड आवळतो? तो चोरतो, कारण बाहेर तुझ्यासारखा कुणीतरी वाट बघत उभा असतो. गिऱ्हाईक नसेल तर चोरीचा धंदा एक दिवस टिकायचा नाही." त्यांनी पाना होता तिथे ठेवला. "मी कुणाला जाऊन सांगणार नाही. युनियनचा माणूस आहे, पोलीस नाही. गुरुवारी काशीरामची शेवटची चौकशी आहे. तुझं तू ठरव."

पाठारे गेल्यावर दशरथने शेड लवकर बंद केली. तो आधी रतनकडे गेला. रतन ऐकून घाबरला, पण लगेच सावरला.

"खाडीत टाकून दे. विक्रोळीच्या तिवरांत टाकलास तर देवालाही सापडणार नाही. सामान नाही, पुरावा नाही, विषय संपला."

"आणि काशीराम?"

"तो काय तुझा सोयरा आहे?" रतन म्हणाला. "तू बोललास तर माझी नोकरी जाईल. तूही अडकशील. चोरीचा माल घेणाराही आत जातो, माहीत आहे ना? गॅरेजची वाट लागेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच दशरथ घरी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. त्याने सुगंधाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला.

"पोलीस पकडतील तुम्हाला?"

"पकडतीलही."

तिने दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "नागदेवीला त्या शेठसमोर तुम्ही पान्याचं वजन बघितलंत, तोंड बघितलंत, मुलामा बघितलात. मला किती मोठेपणा वाटला होता. एवढं पारखणारा माझा नवरा. ह्या पान्याची वाट तेवढी तुम्ही पारखली नाहीत."

"आता काय करू?"

"मला विचारू नका. तुम्हाला माहीत आहे." तिने सूप बाजूला सारलं. "घाडीच्या पोरीच्या जागी आपली मीरा असती तर कुणी यायला हवं होतं की नाही, तेवढा विचार करा. गॅरेज गेलं तर मी चार घरी पोळ्या लाटीन. लोकांची नजर चुकवून मात्र मला ह्या गल्लीत राहता यायचं नाही."

त्या बोलण्याने दशरथचं मन ठाम झालं.   गुरुवारी सकाळी त्याने धुतलेला शर्ट घातला, सॉकेटची पेटी आणि पाना त्याच कॅनव्हासच्या पिशवीत भरला आणि भर दिवसा, सर्वांच्या देखत, विक्रोळीच्या कारखान्याच्या फाटकातून आत गेला.

चौकशीच्या खोलीत दोन साहेब आणि पाठारे होते, एका कोपऱ्यात काशीराम घाडी बसला होता. किडकिडीत, दाढी वाढलेला. दशरथने पिशवी टेबलावर ठेवली.

"हा तुमचा माल. मी विकत घेतला. ह्या माणसाकडून नाही. ह्यांना मी आज पहिल्यांदा बघतोय. ज्याच्याकडून घेतला त्याचं नाव सांगतो. आणि चोरीचा आहे हे ओळखून घेतला, तेही लिहून घ्या."

एक साहेब चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुम्ही काय बोलताय ह्याचे परिणाम माहीत आहेत?"

"माहीत आहेत साहेब. म्हणून तर स्वतः आलोय."

परिणाम झालेच. रतनची नोकरी गेली. दशरथला पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागला, तारखांना उभं राहावं लागलं; आपणहून माल आणून दिला म्हणून अखेर समज देऊन सोडलं. गल्लीतल्या काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आज रतन, उद्या आपलं नाव घेईल, अशी त्यांना भीती. पण काशीराम त्याच आठवड्यात कामावर रुजू झाला.

टॅक्सीवाल्यांना दशरथने काहीच लपवलं नाही. "हेडचं काम तूर्त करत नाही. पाना नाही माझ्याकडे. तो चोरीचा होता, परत केला," असं तो तोंडावर सांगायचा. काही गाड्या दुसरीकडे गेल्या. काही टॅक्सीवाले मात्र म्हणाले, "जो स्वतःबद्दल एवढं खरं बोलतो, तो बिलात खोटं लावणार नाही," आणि ब्रेक, क्लच, कार्बोरेटरची कामं त्यालाच देऊ लागले.

एका रविवारी काशीराम शेडवर आला. दशरथ लगबगीने उठला, स्टूल पुसून पुढे केलं. त्याला वाटलं, माणूस आभार मानायला आलाय.

काशीराम बसला नाही. "लोक म्हणतत, दशरथान तुका सोडवल्यान," तो म्हणाला. "पण माका अडकवल्यान कोणी, ता कोण सांगणा नाय."

दशरथची मान खाली गेली. "मी," तो म्हणाला.

"होय. तूच." काशीराम म्हणाला. "मुलाकडची माणसा परत इली. लग्न जमला. पण ते दोन महिने माझ्या पोरीन खाली मान घालून काढल्यान, ते काय परत येणत नाय. ह्या तुका कळाक व्हया, म्हणान इलंय." मग त्याने स्टूल ओढलं आणि तो बसला. "आता चाय सांग."

दोघांनी चहा घेतला. फारसं बोलणं झालं नाही. निघताना काशीराम म्हणाला, टॉर्कचा पाना घ्यायला जाशील तेव्हा मला हाक मार, त्यातलं मला समजतं.

वर्ष सरता सरता ते दोघे एकत्र जाऊन पाना घेऊन आले, पक्क्या बिलासकट. परदेशी नव्हता, देशीच होता. पण काटा नेमक्या जागी थांबायचा. पुढे कुणी पिशवी घेऊन शेडच्या दाराशी आला की दशरथ हत्याराकडे बघायच्या आधी विचारायचा, "बिल आहे?" हळूहळू गल्लीतली बाकीची गॅरेजंही तेच विचारू लागली, आणि पिशव्या येणं थांबलं.

मंडळी, आपल्याही घरात असं काहीतरी असेल. कारखान्यातलं, कचेरीतलं, सरकारातलं. 'कुणाचंच नाही' म्हणून स्वस्तात आलेलं. वस्तू घेताना आपण किंमत बघतो, टिकाऊपणा बघतो, चार दुकानं फिरून तुलना करतो. तसं एकदा हेही विचारू या, की ही माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली? फुकटात काहीच येत नाही. जी किंमत आपण देत नाही ती दुसरा कुणीतरी देत असतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याहून श्रीमंत नसतो. चोरी थांबवायला पोलीस लागतात हे खरं. पण त्याच्या किती आधी, पिशवी पुढे येताच 'नको' म्हणणारं एक गिऱ्हाईक पुरतं. ते आपण होऊ या.