आत्याबाईंची बैठक

लिफ्टवाल्यांच्या हातात फोन टिकत नसे. लेकीचा फोन आला की "हं, बरी आहेस ना? जेवलीस ना? घे, आईशी बोल," एवढं एका दमात म्हणून ते फोन बायकोच्या हातात कोंबत आणि मोकळे होत. लेक कामासाठी दूरदेशी जाऊन राहिली तरी या रिवाजात तसूभर फरक पडला नाही. मायलेकी मग भाजीपासून भाड्यापर्यंत सगळं बोलून घेत आणि हे गृहस्थ खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेपर उघडून बसत. पेपरचं पान काही उलटलं जात नसे, कान मात्र इकडेच लागलेले.

बरं, माणूस अबोल होता म्हणावं तर तसंही नाही. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतली माणसं घाबरून दारं बडवायला लागली की यांनाच बोलावणं येई. हे बंद दाराला तोंड लावून पहिलं वाक्य नेहमी तेच म्हणत : "मी आलोय. तुम्ही बाहेर येईपर्यंत इथून हलणार नाही." मग एकीकडे हात चालू आणि दुसरीकडे तोंड. कुठे राहता, मुलं किती, सासू बरी वागते का. लोक रडत अडकायचे आणि हसत बाहेर यायचे.

"परक्या माणसांशी बंद दारातून गुलुगुलु बोलता," बायको म्हणायची, "आणि पोटच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते."

"त्यांचा चेहरा दिसत नाही ना, म्हणून जमतं."

"मग फोनवर तरी कुठे दिसतो?"

लिफ्टवाल्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

लेकीला आपला बाप पक्का ठाऊक होता. म्हणून जाण्याआधी तिने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला होता. देवांचा आणि दैत्यांचा, लढायांचा खेळ. आपापली माणसं घ्यायची, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, देवांना प्रसन्न करून घ्यायचं, गाव वसवायचं आणि समोरच्याचं गाव पाडायचं. तिने स्वतःसाठी एकडोळ्या राक्षसांची बाजू घेतली आणि बाबांना दिले चिनी. "त्यांच्याकडे तोफ आहे बाबा. यंत्र म्हटलं की तुम्हाला बरं वाटेल."

तोफ खरोखरच झकास होती. पितळी, जाडजूड, बारूद भरून उडवायची, तट पाडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. पण चाल अशी की बघणाऱ्याला डुलकी लागावी. दोन माणसं रेटत रेटत तिला तटापर्यंत आणत. आल्या आल्या काही ती उडत नसे. आधी तिचे पाय रोवायचे, तिला नीट बसवायचं, बारूद ठासायची, आणि मग कुठे ती तोंड उघडणार. तिथून हलायचं असेल तर पुन्हा सगळी आवराआवर. तिचं चिनी नाव दोघांच्याही जिभेवर बसेना. लेकीने एकदा तो सगळा थाट पाहिला आणि म्हणाली, "बाबा, ही तर आपली आत्याबाई."

आत्याबाई म्हणजे लिफ्टवाल्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. प्रवासात त्यांच्याइतकं सावकाश कुणी चालत नसे, पोचल्यावर मानाने बसवल्याशिवाय त्या बोलत नसत, आणि एकदा बोलायला लागल्या की घरात कुणाची धडगत नसे. बहिणीच्या वतीने खरं तर रागवायला हवं होतं. पण लिफ्टवाले डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि तोफेचं नाव आत्याबाईच पडलं.

तेव्हापासून दर रविवारी, इथली दुपार आणि तिथली सकाळ गाठून, बापलेक कानाला हेडफोन लावून खेळायला बसत. बोलणं खेळाचंच. "खारूताई, लाकूड फार साठवलंयस," हे म्हणत. लहानपणी ती खडू, बटणं, काय वाटेल ते साठवायची, तेव्हापासूनचं हे नाव. पण तोफ वाटेवर असली, कुणाला काही करायचं नसलं, की मधल्या रिकाम्या वेळात दुसरंही काहीबाही निसटून येई. तिला खोकला झाला होता. तिने घर बदललं होतं.

"खिडकीतून आता एक झाड दिसतं, बाबा."

"कसलं?"

"नाव नाही माहीत. उंच आहे."

ते बिननावाचं झाड लिफ्टवाल्यांनी आठवडाभर मनात बाळगलं. जिन्यात, मशिनच्या खोलीत, दोरांना ग्रीस लावताना, ते झाड आपलं उभंच.

खेळ संपला की ती म्हणे, "चला, ठेवते बाबा," आणि हे म्हणत, "बरं." खेळ संपल्यावर बोलायला राहणार काय? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. तोफा तटासमोर आणायच्या, साग्रसंगीत बसवायच्या आणि उडवायच्याच नाहीत. "बारूद ओली झालीय वाटतं," असं ठोकून द्यायचं. मग पुन्हा आवरून दुसऱ्या वेशीकडे वळवायच्या. तेवढाच वेळ वाढे. लेक हसायची. "बाबा, आत्याबाई लढायला आल्यात की फेरफटका मारायला?" बाप खेळात कच्चा आहे असं तिला वाटत असणार. वाटू दे, ते मनात म्हणत.

असं चाललं होतं आणि एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "तिला कामावर तिथे कायमचं राहशील का म्हणून विचारलंय. या महिन्यात हो की नाही कळवायचंय. तुम्हाला बोलली नाही?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत का काही?"

लिफ्टवाल्यांनी टॉवेल उचलला आणि घडी घातलेलाच पुन्हा उलगडून पुन्हा घातला.

"मला म्हणाली, बाबांना काय वाटतं? मी म्हटलं, मला काय माहीत बाई. तुझे बाबा मला तरी कुठे सांगतात."

बाबांना काय वाटत होतं ते बाबांना चांगलं ठाऊक होतं. तिने परत यावं. उद्याच्या उद्या यावं. पण तसं म्हणायचं म्हणजे चांगली वर चढणारी लिफ्ट मध्येच थांबवायची. आणि तिथेच राहा म्हणावं, तर पोरगी समजणार की ती असली काय, नसली काय, बाबांना सारखंच. दोन्हीकडून कोंडी. त्या रविवारी ती त्याबद्दल काही बोलली नाही आणि यांनी विचारलं ते एवढंच की सोनं पुरतंय का. मध्येच तिला कुठेसं जायचं होतं, म्हणून खेळ अर्धाच राहिला.

सोमवारी कामावरून आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला. झालेला प्रत्येक डाव त्या खेळात साठून राहत असे आणि पुन्हा बघता येत असे. हा त्यांचा एकट्याचा उद्योग होता, बायकोलाही पत्ता नव्हता. डाव बघताना तिचे लाकूडतोडे ये-जा करताना अधूनमधून दिसत. ती माणसं तिच्या बोटांनी हललेली होती, म्हणून ती बघितली की तिचे हात बघितल्यासारखं वाटे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आजवर ते आपल्याच बाजूने डाव बघत आले होते. त्या दिवशी त्यांनी तिच्या बाजूने बघायचं बटण दाबलं. खेळात समोरच्याचं गाव झाकून ठेवणारं धुकं सरकलं आणि तिचं सगळं गाव उघडं झालं. आणि यांच्या पूर्वेच्या तटाला लागून जे जंगल होतं, त्यामागे एकडोळे राक्षस उभे होते. अख्खी फौज. "माझ्याकडे सैन्यच नाही हो बाबा," असं ती कालच म्हणाली होती. आणि पूर्वेचा तट तर इतका उघडा की तिथे राखणीला कुत्रंसुद्धा नव्हतं.

राक्षस जंगलातून बाहेर आले. तटापाशी थांबले. एकाने सोटाही उगारला. मग सगळे मुकाट्याने मागे फिरले. थोड्या वेळाने पुन्हा आले आणि पुन्हा फिरले. त्याच वेळी पलीकडच्या वेशीवर आत्याबाई बसल्या जागेवरून उगाचच उठत होत्या.

लिफ्टवाल्यांनी आदला डाव लावला. मग त्याच्या आदला. प्रत्येक डावात जंगलामागे राक्षस उभेच होते.

बायको दारातून डोकावली. "चेहरा का असा? हरलात का?"

"नाही गं," ते म्हणाले. "कुणीच हरत नाहीये."

पुढच्या रविवारी कामावर निघाल्यासारखे हात स्वच्छ धुऊन ते बसले. आज तोफा इकडे तिकडे न फिरवता सरळ मुख्य तटासमोर नेल्या. पाय रोवले. बारूद ठासली.

"बसल्या का आत्याबाई?" लेकीने विचारलं.

"बसल्या."

"आज तरी काही बोलणार की नेहमीसारखंच?"

"आज बोलणार," ते म्हणाले आणि हुकूम दिला.

तट पडला. मागची वखार पडली. मधला मोठा वाडा पडायला लागला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा?" तिने राक्षस आणले नाहीत. पडद्यावर अक्षरं उमटली की तुम्ही जिंकलात. जिंकल्यावर एवढी भीती लिफ्टवाल्यांना कधी वाटली नव्हती.

"चला," ती म्हणाली आणि थांबली. "ठेव..."

"ठेवू नकोस. मी आहे इथे. इथून हलणार नाही."

पलीकडे बंद दारामागे असते तशी शांतता होती, आणि तिच्याशी कसं बोलायचं हे त्यांना माहीत होतं.

"जंगलामागचे तुझे राक्षस बघितले मी."

"कधी?" तिने विचारलं.

"सोमवारी. सगळ्या डावांतले बघितले."

"म्हणजे तुमची बारूद कधीच ओली नव्हती."

"नव्हती." त्यांनी माऊस बाजूला सारला. "खारूताई, तिथे राहायचं की यायचं, ते तू ठरव. राहिलीस तर मी रुसणार नाही. पण मला करमत नाही गं. तू गेल्यापासून करमत नाही. तुला हे माहीत असायला हवं, म्हणून सांगतोय."

हेडफोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला.

"खोकला गेला नाही का अजून?"

"खोकला नाही बाबा. रडतेय मी."

"मग रड. मला काही घाई नाही." आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते झाड काय म्हणतंय?"

ती सांगायला लागली. माऊसची टकटक थांबली म्हणजे खेळ आटोपला, हे बायकोला आतल्या खोलीत कळलं होतं. ती पदराला हात पुसत आली आणि फोनसाठी करी तसाच हेडफोनसाठी तिने हात पुढे केला. लिफ्टवाल्यांनी तो हात धरून हलकेच बाजूला केला.

"थांब जरा," ते म्हणाले, "मी बोलतोय."