घमेल्यातली जून कोथिंबीर

मित्रांनो, मी एक जून झालेली कोथिंबीर आहे. गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत गोदूबाईंच्या जेवणाच्या टपरीमागे एका फुटक्या घमेल्यात उभी आहे. बाजारात आता मला कोणी फुकटही घेणार नाही, पण माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे.

मी धणा होते तेव्हा गोदूबाईंनी मला चपलेखाली रगडलं होतं. धण्याच्या दोन फाकी करूनच पेरायचं असतं, हे मला कुठे माहीत? मी तेव्हा जी घाबरले, ती धाकधूक अजून गेलेली नाही.

पुढे मात्र माझे लाड झाले. गोदूबाई माझ्या काड्या वाटणात घालायच्या आणि पानं आमटी चुलीवरून उतरवल्यावर वरून पेरायच्या. उकळीत टाकलं की माझा वास वाफेबरोबर निघून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोपवेने गड पाहून आलेली मंडळी भुरके मारत विचारायची, "मावशी, कोथिंबीर घरची का?" ते ऐकून मी घमेल्यात ताठ उभी राहायचे.

मग गोदूबाईंना ताप आला. बऱ्या झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखं माझं पान चुरगळून नाकाशी नेलं. पुन्हा चुरगळलं, पुन्हा हुंगलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "वास येत नाय गो."

सुनेला त्यांनी काही सांगितलं नाही. वास कळत नाही म्हटल्यावर चुलीपुढून आपल्याला उठवतील, ही भीती त्यांना खात होती. वाफेतून तरी वास नाकात शिरेल म्हणून त्या मला मूठमूठ तोडून भर उकळीत टाकू लागल्या. गिऱ्हाइकांच्या ताटात आमटी उरू लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. तोडता तोडता मीच संपले तर? मी घाईघाईने फुलावर आले आणि धणे धरू लागले.

सून उज्वला म्हणाली, "आई, ही जून झाली. उपटून मेथी लावते." तिचा हात माझ्या बुडाशी आलाच होता.

"ऱ्हाऊ दे गो!" गोदूबाई ओरडल्या. कोवळ्या हिरव्या धण्याचा वास पानाहून उग्र, तो तरी येईल, ही त्यांची आशा होती. रोज एक धणा त्या चिरडून हुंगायच्या आणि तो टाकून आत जायच्या. माझ्यात काही कमी तर नाही ना, याच काळजीने मी सुकत चालले होते.

एके दुपारी आमटी करपली. धूर माझ्यापर्यंत आला, तरी गोदूबाई पातेल्यापाशी पाठमोऱ्या भाकरी थापत बसलेल्या.

"आई, करपलंय! वास नाय आला?" उज्वला धावत आली.

गोदूबाईंनी मान खाली घातली. "ताप आल्यापासून कायच वास येत नाय. मला चुलीपुढनं उठवू नको गो."

उज्वलाने पातेलं उतरवलं. मग ती तरातरा माझ्याकडे आली. आता मी संपलेच, असं मला वाटलं. पण तिने एक हिरवा धणा खुडला, चिरडला आणि सासूच्या नाकाशी धरला. "चूल तुमचीच हाय. वास मी बघंन. पन रोज हुंगायचं, सोडायचं नाय."

त्या दोघी हुंगत राहिल्या आणि माझे धणे वाळत गेले.

आज सकाळी गोदूबाईंनी नव्या पेरणीसाठी माझे धणे चपलेखाली रगडले. गोळा करायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. हळूच चप्पल उचलून त्यांनी नाकाशी नेली.

"उज्वला, धाव गो! वास येतोय!"

"धण्याचा?"

"धण्याचा येतोय, शेनाचा पन येतोय!" आणि चप्पल हातात धरून त्या रडायलाच लागल्या.

मित्रांनो, उद्या माझी काडी उपटली जाईल आणि मातीत माझी पिल्लं असतील. मोठी झाली की त्यांना आमटीवर वरूनच पेरा, उकळू नका. आणि घरची आमटी कधी बेचव लागली, तर ताट सारण्याआधी रांधणारीला एवढंच विचारा, "तुला बरं आहे ना?"