वाळा आणि तुरटी

लीलाधर माझ्या टेबलावर ओणवा झाला, आवक रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि म्हणाला, "मोतीलालभाऊ, जळगावचं पत्र आलं का?"

पत्र सकाळीच आलं होतं. पण माझं लक्ष पत्रावरून उडालं, कारण त्याच्या काखेतून माझ्या घराचा वास येत होता.

सत्त्याऐंशी सालचा एप्रिल. दुपारी वीज गेली की धुळ्यातल्या आमच्या पाटबंधारे कार्यालयात माणसं नुसती निथळायची. त्या सगळ्या घामात हा एक वास वेगळा, स्वच्छ. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी. माझ्या अंगाला रोज येणारा वास मला कोण परका सांगणार?

"आलं का पत्र?" त्याने पुन्हा विचारलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

मला घाम फार. लग्नाआधी कार्यालयात मला 'चाळीतला कांदा' म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात द्रौपदाने पहूरच्या तिच्या मावशीची भुकटी करायला घेतली. तव्यावर तुरटी टाकायची, ती वितळायची, फसफसायची आणि फुलून पांढरी लाही व्हायची. ती कुटायची. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी उन्हात कडक वाळवून कुटायची, सगळं जुन्या लुगड्याच्या पदरातून वस्त्रगाळ करायचं आणि त्यात आरारूट कालवायचं. तुमच्या अंगाला वास येतो असं ती कधीच म्हणाली नाही. "उन्हाळा लागला, हे लावत जा," एवढंच म्हणाली. महिन्याभरात कांदा गेला आणि मी मोतीलालभाऊ झालो.

तर ती भुकटी माझी होती. पगार, सायकल, देवपुरातलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, हे सगळं इतरांकडेही होतं. ही भुकटी अख्ख्या धुळ्यात दोनच माणसांना ठाऊक होती, करणारीला आणि लावणाऱ्याला. आता तिसरा कुठून आला?

आणि तिसरा तरी कसा, तर लीलाधर. कुरळे केस, पांढरा शर्ट, कॉलरला डाग नाही. बायको शहाद्याला शिक्षिका, हा इथे एकटा. आमच्याच गल्लीत झुंबरअक्काच्या खानावळीत दोन वेळा जेवायचा, आणि जायची जवळची वाट आमच्या मागच्या दारावरून. मी जळलो. आज हे सरळ सांगतो, तेव्हा मी स्वतःला दक्ष समजत होतो.

घरी गेल्यावर भुकटीच्या डब्यात आतून पेन्सिलीने रेघ मारली. चार दिवस रोज पाहिलं. मी लावली तेवढीच कमी होत होती. म्हणजे आता ती सावध झाली, असा मी अर्थ लावला. संशयी माणसाला पुरावा मिळाला तरी चालतो, नाही मिळाला तरी चालतो.

पाचव्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मागच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. द्रौपदा अंगणात खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. लीलाधर जेवून परतत होता. चालता चालता तो काहीतरी म्हणाला आणि ती तोंडाला पदर लावून हसली. आठ वर्षांत माझ्या बोलण्यावर ती अशी हसलेली मला आठवेना. हसण्याजोगं मी काही बोललो होतो का, तेही आठवेना.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावर बसून विचारलं, "ही घामाची भुकटी तू कोणाला दिलीस का?"

तिचा हात थांबला. "नाही."

"आठवून सांग."

"कोनालेच नाही. कायले विचारता?" आणि स्टोव्ह चांगला पेटलेला असताना ती उगाच त्याला पंप मारायला लागली. द्रौपदाला खोटं बोलता येत नाही. ती खोटं बोलते आहे हे मला दिसलं, आणि त्यापुढचं सगळं मी माझ्या मनाने लिहून टाकलं.

"मग लीलाधरच्या काखेला तुझ्या हातचा वास कसा येतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रडेल, भांडेल, आईची शपथ घेईल.

"हे तुमी मले विचारलं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मग पुढची भाकरी थापायला घेतली.

त्या थापण्याने माझं डोकं आणखीच फिरलं. मी डबा उचलला आणि सगळी भुकटी मोरीत ओतली. दोन दिवस आमची मोरी घमघमत होती.

आठवड्यावर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. गल्लीतल्या साऱ्या माहेरवाशिणी निघाल्या, तशी तीही पहूरला माहेरी गेली. दर वर्षी माझ्यासाठी सांजोऱ्या करून ठेवायची. त्या वर्षीही ठेवल्या. मला एकही गिळवली नाही.

मग जेवायला झुंबरअक्काकडेच जावं लागलं. झुंबरअक्का साठीची, विधवा, दिवसभर चुलीपुढे. लीलाधर आखाजीला शहाद्याला गेला होता, म्हणून पानावर मी एकटाच. वरणाची वाटी ठेवताना तिने माझ्या पाठीकडे पाहिलं.

"भाऊ, भलता घाम ई राहिना तुमले. घरनी भुकटी नही लावत का?"

माझा घास हातातच राहिला. "तुम्हाला काय माहीत भुकटीचं?"

अक्का ओशाळली. मग दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "आते इचारंच शे तं सांगस. संक्रांतना दुसरा दिवशी तुम्हनी बाई मांगला दारे ऊनी. हातमा डबी. म्हने, अक्का, हाई वाण नही शे, चुल्हापुढे घाम येस म्हनीसन लई ऊनू. कोनले सांगू नका, म्हने. बठ्ठ्या बायास्ले बलावं, तुमले नही, मना जीव लागत नही, म्हने."

सगळ्या बायांना बोलावलं आणि अक्काला नाही, याची रुखरुख लागून द्रौपदा चोरून डबी देऊन आली होती. हळदीकुंकवाच्या दिवसांत विधवेला दारात उभं करायचं नाही, हा माझ्या आईचा नियम. आई गेल्यावर तो मी चालवला होता. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला द्रौपदाने अक्काचं नाव घेतलं होतं, तेव्हा मीच तिला बजावलं होतं. आता 'कोणाला दिलीस' म्हणून मीच विचारल्यावर ती काय सांगणार होती?

"मग ती डबी?" मी विचारलं.

"मी काय लावू, भाऊ? मना आंगले सुवास ऊना तं गल्ली काय म्हनी? लीलाधर मना पोर्‍यासारखा शे, त्याले दी टाकी. तुम्हनी बाईले सांगा नका. तिले वाईट वाटी."

मी जेवलो. पानात काही टाकलं नाही, टाकायची लाज वाटली.

द्रौपदा यायच्या आदल्या दिवशी गावात जाऊन मी तुरटीचा मोठा खडा, वाळ्याची जुडी, नागरमोथा, कपूरकाचरी, आरारूट, सगळं आणलं आणि रिकाम्या डब्याशेजारी फळीवर मांडून ठेवलं. ती आली. पिशवी ठेवली, फळीकडे पाहिलं.

"झुंबरअक्काने सांगितलं मला," मी म्हणालो. पुढचं वाक्य कालपासून पाठ केलं होतं. ते सोडून मी फळीवरचा तुरटीचा खडा उगाच सरळ केला.

"बरं," ती म्हणाली आणि स्टोव्ह पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी आरारूटची तिने उपासाची खीर केली. नागरमोथा आणि कपूरकाचरी कुटून तिच्या शिकेकाईत घातली. वाळ्याची जुडी माठात गेली. नळाला गढूळ पाणी येत होतं, तर हंड्यात हात घालून तिने तुरटीचा खडा चार वेळा गरगर फिरवला आणि फडक्यात बांधून खुंटीला टांगला. मी पाहत होतो. तुरटी फुलवायला तवा तिने ठेवलाच नाही.

त्या दिवशी कार्यालयात दोन वेळा वीज गेली. निघताना मागे कोणीतरी कांद्याचा भाव विचारला आणि दोघं-तिघं हसले. लीलाधर हसला नाही.

घरी आलो तो अंगाची आग होत होती. मागच्या दारात पायरीवर बसलो आणि पाणी मागितलं. द्रौपदा तांब्या घेऊन आली. मी ओंजळ धरली, तिने धार धरली. पाणी नितळ होतं, गार होतं, वाळ्याचा मंद वास होता.

"अजून?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिने तांब्या कलता केला. माझा सदरा काखेपासून कमरेपर्यंत भिजला होता, आणि ती नेहमीपेक्षा हातभर लांब उभी राहून, हात पुरता लांबवून पाणी ओतत होती.