झाकणावरचा आकडा

सरांची मुलगी पहिली पावले टाकायला लागली, त्या वर्षी सुताराने मला घडवले. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. सरांनी माझ्यात हजार मणी ओतले आणि झाकणावर रंगाने लिहिले : 'एकूण १०००, लाल २००'.

सर महाविद्यालयात व्यापाराचे संख्याशास्त्र शिकवत. "कारखान्यातला नग न् नग तपासत बसलात, तर विकणार कधी?" असे म्हणून ते पन्नास खळग्यांची फळी माझ्यात बुडवायला लावत. फळीवर पन्नास मणी येत. लाल म्हणजे खराब माल, पांढरे म्हणजे चांगला. तेवढ्यावरून साऱ्या पेटीचा अंदाज बांधायचा. कधी आठ लाल येत, कधी तेरा. मुले हसत, भांडत, पुन्हा बुडवत. मला तेव्हा फार मान होता.

माझी देखभाल शिपाईमामांकडे होती. तास संपला की ते बाकांखाली वाकून सांडलेले मणी वेचत आणि सगळे मोजत. मोजणी चोख, वाचता मात्र येत नव्हते. हजाराला कमी पडले, तर कपाटातल्या जादा मण्यांच्या पिशवीतून भर घालत.

अशी वीस वर्षे गेली. मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईची मुलगी वर्गात आली. प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली होती. आता हुकली, तर वर्ष जाणार होते. चाळीस वेळा फळी बुडवून झाकणावरचा आकडा पटतो का, ते लिहायचे होते. बाकीच्यांनी पाच-सहा वेळा बुडवले आणि उरलेले आकडे मनाने भरले. हिने मात्र चाळीसही वेळा बुडवले. सरांनी तिला भोपळा दिला.

"सर, शंभरात पंधराच लाल निघतात. झाकण चुकलंय."

"अगं, वीस वर्षांत कुणाला दिसलं नाही, ते तुलाच बरं दिसलं!"

"मग मोजू या ना, सर. मी खोटी ठरले तर जाऊ दे वर्ष."

सर चिडले होते, तरी त्यांनी मला टेबलावर पालथे केले. मामांनी मोजले. एकूण हजार. लाल एकशे बावन्न.

"मामा, बाकीचे लाल कुठे गेले?"

"पोरं नेतात की खिशातून. लालच नेतात, दिसायला छान ना! पण हजार मी कधी कमी पडू दिले नाहीत. पिशवीतले पांढरे टाकत आलो."

"अहो, झाकणावर 'लाल दोनशे' लिहिलंय ना!"

"मला वाटलं, तुमचं नाव लिहिलंय."

सर हसले. त्यांनी भोपळा खोडून पूर्ण गुण दिले. "आणि तुमचे वीस टक्के कुठून आले रे?" असे विचारताच बाकीचे पायांकडे बघू लागले.

त्या मुलीने निकाल लागेपर्यंत रोज मधल्या सुट्टीत मामांना अक्षरे शिकवली. पुढे दर वर्षी पहिल्या दिवशी मामा लाल वेगळे, पांढरे वेगळे मोजत आणि खडबडीत अक्षरात झाकणावर लिहून ठेवत. अशा नऊ ओळी माझ्यावर आहेत. दहावी नाही. कपाटात धूळ खात मी वाट बघते आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण झाकण वाचून थांबू नका. मला उघडा आणि मोजा.

सरांच्या त्याच मुलीला मुलगी झाली, त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा वारले.