परिसरात शांतता

मित्रांनो, मी एक जुनी स्टेशन डायरी आहे. उल्हासनगरातल्या एका पोलीस चौकीच्या टेबलावर मी दिवसभर उघडी असायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पकडलं, हे घड्याळाकडे बघून माझ्यात लिहायचं असा नियम. शहाडला हरवलेली एक आजी माझ्यातल्या एका नोंदीमुळे घरी पोहोचली, तेव्हा साहेबांनी कौतुकाने माझ्यावर हात ठेवला होता. मला वाटायचं, माझ्यात असतं तेवढंच खरं.

एका दुपारी दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी दारात थांबली. साध्या कपड्यातले तीन पोलीस आत आले. जीन्सच्या कारखान्यातून त्यांनी राजेंद्र नावाच्या कारागिराला उचललं होतं. आपला देश अनेक राज्यांचा मिळून झालाय. एका राज्याचे पोलीस दुसऱ्या राज्यात येऊ शकतात, पण इथल्या चौकीत नोंद करायची आणि माणसाला इतक्या लांब नेण्याआधी इथल्या न्यायाधीशासमोर उभं करायचं. न्यायाधीश निदान त्याच्या वडिलांचं नाव तरी विचारतात.

त्यांना घाई होती. "भाऊ, अपनेही वाले हैं. बाद में लिख लेना," एकजण हसत म्हणाला. राजेंद्र बायकोला एक फोन करू द्या म्हणत होता. टेबलावरच्या रघु हवालदारांनी त्या पोलिसांकडे बघून होकारार्थी मान डोलावली आणि माझ्यात दोन ओळी कोऱ्या सोडल्या. नंतर भरू म्हणून ओळी सोडायची त्यांची सवयच होती. मलाही तिचं कधी काही वाटलं नव्हतं.

चार वाजता, कारखान्यातून कळल्यावर, त्याची बायको भावना अंबरनाथहून धावत आली. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, तिच्या हातात चघळलेलं बिस्किट.

"साहेब, यांना कुठे नेलं?"

रघुंनी मला तिच्याकडे फिरवलं. "बघा ताई, इथे नोंदच नाही."

ते खरं होतं, मित्रांनो. पान खरं सांगत होतं आणि एक बाई फसत होती. मला मिटून घ्यावंसं वाटलं, पण डायरीला स्वतःहून मिटता येत नाही. तेवढ्यात मुलीने बिस्किटाचा ओला हात माझ्यावर आपटला. बऱ्याच ओळींची शाई पसरली.

दुसऱ्या दिवशी रघुंनी त्या कोऱ्या ओळी भरल्या. ‘पायी गस्त केली. परिसरात शांतता.’

भावना गप्प बसली नाही. किर्ती वकीलबाईंना घेऊन ती कोर्टात गेली. मलाही तिथे मागवलं. न्यायाधीशांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"हवालदार, वरच्या ओळी पसरल्या, खालच्या पसरल्या. मधल्या दोनच कशा शाबूत राहिल्या?"

रघुंनी नजर बुटांकडे वळवली. मग म्हणाले, "साहेब, त्या नंतर लिहिल्या."

मग कुठे शोध लागला. एकोणीस दिवस राजेंद्र परक्या तुरुंगात होता. त्या पोलिसांना हवा असलेला राजेंद्र वेगळाच निघाला. वडिलांचं नावसुद्धा वेगळं. तो घरी आला तेव्हा मुलगी त्याच्याकडे जाईना, आईच्या मानेत तोंड खुपसून रडली. पुढच्या तारखेला भावनाने हे सांगितलं, तेव्हा मी तिच्यासमोरच टेबलावर होते.

आता मी दोरीने बांधलेली, कपाटात पडून असते. तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारख्या डायरीत लिहायला बसेल. आपलेच लोक आहेत म्हणून तेव्हा ओळ सोडू नका, एवढीच विनवणी.

बिस्किटाच्या डागाची मला लाज नाही. लाज वाटते ती त्या दोन स्वच्छ ओळींची.