फ्लोटवरचा दगड

जमिनी मोजण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. आधी साखळी ओढली, आता रोव्हर घेऊन हिंडतो. रोव्हर म्हणजे काठीवरचं यंत्र. आपण नेमके कुठे उभे आहोत ते आभाळातल्या उपग्रहांकडून घेऊन सांगतं. पडद्यावर ‘फिक्स’ आलं तर बोटभराचा फरक. ‘फ्लोट’ आलं तर नुसता अंदाज, आणि अंदाजावर दगड रोवायचा नसतो. नव्या पोरांना हे मीच शिकवतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

रावेरजवळ कुंदाबाई आणि त्यांचा दीर लीलाधर यांच्या बांधाची मोजणी होती. वाद एका बोअरचा. बांध हातभर सरकला की बोअर दुसऱ्याचा. कुंदाबाईंच्या निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या केळीला तेवढंच पाणी. गावची रीत अशी, की मोजणीचा दगड बसला की त्या घडीपासून पाणी ज्याच्या हद्दीत त्याचं. मग कुणी तोंड उघडायचं नाही.

सकाळीच फोनवर खात्याचा निरोप आला होता. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांनी मोठा भडका टिपलाय, दोन दिवस वरच्या हवेत खळबळ राहील, रोव्हरवर विसंबू नका. पण ही माझी तिसरी खेप होती. एकदा शेजाऱ्याला नोटीस पोचली नव्हती, एकदा बॅटरी रुसली. मे महिना, डोक्यावर ऊन, आणि पडद्यावर तासभर फ्लोट.

“आज सूर्य बिघडलाय. परत येतो,” मी म्हणालो.

लीलाधर हसला. “सूर्य काय आज पयल्यांदा उगला का साहेब?”

कुंदाबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “लावा भाऊ. जे येईन ते येईन. मी बी थकली आता.”

त्यांच्यापेक्षा मी जास्त थकलो होतो. दगड रोवला. बोअर लीलाधरच्या हद्दीत गेला.

घरी आल्यावर जेवण गोड लागेना. तरी पाच दिवस मी टाळलं. सहाव्या दिवशी यंत्र घेऊन एकटाच गेलो. दहा सेकंदांत फिक्स. दगड दोन फूट चुकला होता. बोअर कुंदाबाईंचाच होता.

दगड बसला त्याच संध्याकाळी त्यांनी मोटरच्या स्टार्टरची किल्ली दिराच्या हातात ठेवली होती. पुन्हा पाणी त्यांनी मागितलं नाही, त्यानं दिलं नाही. पाच दिवसांच्या उन्हात झाडं मधूनच मोडून घडांसकट आडवी पडली होती. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या, लाखो किलोमीटरवरच्या उपग्रहानं आपलं काम चोख केलं होतं. माती खाल्ली ती मी.

दोघांना बोलावून मी दगड उपटून जागेवर बसवला. लीलाधरनं खाली बघत किल्ली पुढे केली. “वहिनी, मोटर लावा.”

कुंदाबाईंनी किल्ली घेतली, पण मोटरीकडे गेल्या नाहीत.

“चूक माझी,” मी म्हणालो. “मला कळत होतं.”

“तुमी सांगतलं व्हतं भाऊ. मीनंच म्हनलं, लावा.” त्यांनी पडलेल्या घडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “पुढच्या टायमाले वरून नको म्हनून निरोप आला, तं माह्यं आयकू नका.”

मी हो म्हणालो.