वायव्येचं ऊन

आमच्या थोरल्या भाऊजींच्या मते, हजारो वर्षांपूर्वी या मुलखावर पसरलेली बर्फाची चादर फक्त ईशान्येकडून आली. का? तर त्यांना ती तिकडूनच आलेली दिसली म्हणून! नकाशा विभागाचे ते प्रमुख, मी त्याच विभागात नकाशे काढणारी, आणि नात्यानंही ते थोरले दीर. म्हणजे ऑफिसात तोंड उघडायची सोय नाही, आणि घरी तर नाहीच नाही.

सरकणारा बर्फ आपल्या वाटेच्या दिशेनं लांबट टेकाडं मागे ठेवतो. ती बघून तो कुठून आला, कुठवर गेला हे ठरवायचं. भाऊजी हे काम खुर्चीत बसून करतात. संगणक जमिनीच्या चढउतारांवर खोटं ऊन पाडतो, आणि सावल्या पाहून ते टेकाडं आखतात. हे ऊन पहिल्या दिवसापासून वायव्येकडूनच येतं. बटण फिरवलं की दुसरीकडून येईल, पण एवढे कष्ट कोण घेणार? उन्हाच्याच रेषेत पसरलेल्या टेकाडाची सावली दिसत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल.

मी मात्र उन्हाळ्यामागून उन्हाळे पायी हिंडले. वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली टेकाडंच टेकाडं आखून आणली. त्यांच्यावरून बर्फ वायव्येकडूनही आलेला आणि पार नदीपलीकडे पोचलेला दिसत होता. माझा हा नकाशा छापायचा की नाही, हे ठरवायला संचालकांसमोर समिती बसली.

"स्क्रीनवर ही टेकाडं दिसत नाहीत," भाऊजी म्हणाले. "म्हणजे नाहीत."

मी उठले आणि ऊन ईशान्येकडून पाडलं. टेकाडं भराभर वर आली. संचालकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ऊन फिरवून काय वाट्टेल ते दाखवता येतं," भाऊजी म्हणाले. पडलो तरी नाक वर! "तेवढी टेकाडं काढून टाक. नकाशा छापू, तुझं नाव पहिलं घालू."

"काढून टाक ना," घरी नवरा म्हणाला. "दादाशी कशाला वाकडं घेतेस?" त्याच्या कण्याचीसुद्धा सावली पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी समितीसमोर म्हटलं, "हातच्या कंकणाला आरसा कशाला? भाऊजी, तुम्हीच चला. टेकाडावर उभे राहा आणि मग नाही म्हणा."

संचालकांना सहल हवीच होती. ते लगेच हो म्हणाले.

भाऊजी नवेकोरे बूट घालून चढायला लागले. मध्ये दोनदा बसले. शेवटी संचालकांनी हात देऊन त्यांना वर ओढलं. दोन्ही बाजूंना जमीन खाली उतरत गेली होती आणि समोर तशीच टेकाडं एकामागे एक पसरली होती. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आता तरी हा माणूस कबूल करेल.

भाऊजी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. त्यांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं.

"सपाटच आहे की!" ते म्हणाले.

संचालकांनी वळून आपण चढून आलेला चढ पाहिला. मग भाऊजींकडे पाहिलं.

"तसं... सपाटच," ते म्हणाले.

"मग नकाशावरून माझं नाव काढा," मी म्हटलं, आणि त्या सपाट जागेवरून खाली उतरायला लागले.